नवीन टायर टाकल्यावर गाडी वळणात ‘पडते’ असं का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोटरसायकल दोनशे किलोच्या आसपासची, चाकं सतरा इंची, टायरचं माप पुढे १२०/७० आणि मागे १८०/५५. जुने टायर १४,००० किमी चालले आणि मधोमध सपाट झाले, म्हणून दुसऱ्या कंपनीचे स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांबचा प्रवास आणि वळणांची मजा दोन्हींसाठीचे, टायर दोन्ही चाकांना टाकले. १२० किमी झाले. आता गाडी वळणात आपोआप आत पडते, बारीकसारीक खड्डेही हाताला लागतात, आणि एकदा पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक सरकलं. चुकीचे टायर घेतले का, बदलून घेऊ का, असं तुम्ही विचारताय.

आत्ता बदलू नका. अजून आठशे-हजार किमी तरी थांबा. मी एकोणीस वर्षं टायर बसवतोय आणि गाडी त्याच्याही आधीपासून चालवतोय. पहिल्या दोनशे किमीत टायरबद्दल जी तक्रार येते, तिच्यात दोष टायरचा क्वचितच निघतो. माणूस नव्या टायरची तुलना जुन्याशी करतो, आणि जुना म्हणजे त्याच्या शेवटच्या दोन महिन्यांतला. तो झीज होत होत इतका हळू बिघडतो की आपल्याला कळतच नाही. हात आणि कंबर त्याच्याशी जुळवून घेत राहतात. एका दुपारी तो टायर जातो, पण ती सवय तिथेच राहते.

पण या सगळ्याआधी एक प्रश्न, कारण त्याचं उत्तर तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. हवा किती आहे?

टायर रिमवर चढवल्यावर त्याची कड, म्हणजे बीड, रिमच्या खोबणीत बसावी लागते. त्यासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त हवा मारतात. ‘फट्’, आणि जरा वेळाने दुसऱ्या बाजूने पुन्हा ‘फट्’ असा आवाज आला की बीड बसली. मग जादा हवा सोडून आकडा ठरलेल्या ठिकाणी आणायचा असतो. कामाच्या गर्दीत ही शेवटची पायरी राहून जाते. दुसऱ्या कुणाला नावं ठेवत नाही, माझ्या स्वतःच्या गाडीवर मीच हे केलंय. नवे टायर टाकले आणि सहाशे किमी त्यांना शिव्या घातल्या: दगडासारखे आहेत, पुढचं चाक प्रत्येक सांध्यावर उडतं, हँडलला नुसता स्पर्श केला तरी वळतं. शेवटी एका सकाळी हवा मोजली, तर पुढे ४७! तुम्ही लिहिलेली दोन लक्षणं, बारीक खड्डे हाताला लागणं आणि वळणात झटकन आत जाणं, एकत्र आली की मला तीच सकाळ आठवते.

म्हणून पहिलं काम: गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी हलवण्याआधी हवा मोजा. तुमच्या मापाचे टायर असलेल्या गाड्यांना पुस्तिकेत साधारण पुढे ३३ ते ३६ आणि मागे ३६ ते ४२ पीएसआय दिलेले असतात. नेमका आकडा चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, चिकटवलेल्या पट्टीवर मिळेल, तोच प्रमाण माना. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा धरू नका. तो त्या टायरच्या कमाल वजनासाठीचा असतो, तुमच्या गाडीसाठीचा नव्हे. मोजमाप थंड टायरवरच करायचं, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं तर ३६ चे जवळजवळ पावणेअडतीस होतात. दुपारच्या उन्हात चालवून आणलेल्या गाडीत बरोबर ३६ करून घेतले, तर थंडीतल्या पहाटे तुम्ही तीस-एकतीसवर चालवत असता. एक बरा गेज स्वतःजवळ ठेवा. हवा भरण्याच्या दोन ठिकाणी दोन आकडे मिळतील. तुमचा गेज दोन पीएसआयने चुकत असला तरी रोज सारखाच चुकेल, आणि तुलना करायला तेवढं पुरतं.

समजा हवा बरोबर निघाली. मग ‘पडते’ याचं काय?

तुमचे जुने टायर अजून टाकून दिले नसतील तर मागच्यावर तळहात आडवा फिरवून बघा. मध्ये सपाट पट्टा लागेल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे सपाटी संपून गोलाई सुरू होते तिथे, बोटांना एक कंगोरा जाणवेल. सरळ रस्त्यावर गाडी त्या सपाटीवर चालते. वळण आलं की तिला आधी तो कंगोरा चढावा लागतो, मग ती झुकते. त्यासाठी तुम्ही हँडलला जरा जास्त रेटा देत होता. आणि कंगोरा ओलांडला की जुनी गाडीही एकदम पलीकडे कलंडत असणार, फक्त तुम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की शरीर आधीच तयार असायचं. नव्या टायरवर कंगोरा नाही. गोलाई मधोमधपासून कडेपर्यंत सलग आहे. तुम्ही तोच जुना रेटा देता, तो अडायला काहीच नसतं, आणि गाडी हवी त्यापेक्षा जास्त झुकते. ती पडत नाहीये, तुम्ही तिला जास्त ढकलताय.

यात उंचीची भर पडते. मागच्या नव्या टायरमध्ये मधल्या खाचा साधारण सहा-सात मिलिमीटर खोल असतात. जुन्यात एक-दोन उरल्या असतील, म्हणजे मागची बाजू पाचेक मिलिमीटर वर आली. पुढचा टायर मुळातच कमी खोल खाचांचा आणि तो झिजतोही हळू, म्हणून पुढची बाजू तितकी वर येत नाही. एकूण गाडी किंचित पुढे कलली. काही मिलिमीटरचा मामला आहे, पण ज्यांनी सस्पेन्शनशी खेळ केलाय त्यांना माहीत असेल की मागची बाजू एवढी उचलली तरी गाडी वळायला हलकी होते.

तिसरी गोष्ट आकाराची. १२०/७० हे माप सगळ्यांचं सारखं, पण त्या मापात कुणी टायर टोकदार करतं, कुणी गोल. टोकदार आकाराचा टायर चटकन झुकतो. गोल आकाराचा सावकाश आणि एकसारखा. हा फरक खरोखरच कंपनीचा, आणि तो हजार किमीनंतरही राहतो. तुमच्या तक्रारीतला एवढाच भाग टायरचा स्वभाव असू शकेल. तो वेगळा काढायचा असेल तर आधीचे दोन भाग बाजूला व्हावे लागतात, म्हणून थांबा म्हणतोय.

आता पकडीबद्दल. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि रबर साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश वर असू शकतो. म्हणून बहुतेक कंपन्या पहिले दीडेकशे किमी जपून चालवायला सांगतात. कॉन्टिनेंटलने साच्याचा आतला भागच खरखरीत करून ‘ट्रॅक्शनस्किन’ आणली, जेणेकरून असा पदार्थ लावावा लागू नये. हा प्रश्न कंपन्याही किती गांभीर्याने घेतात ते त्यावरून दिसतं. रबर आणि आतले पट्टे थोडे वाकून-ताणून मोकळे व्हायचे असतात, हेही आहेच. पण माझ्या मते यातला मोठा वाटा चालवणाऱ्याचाच: नवीन आकारावर हात बसायला वेळ लागतो.

एक गोष्ट लोक विसरतात. दीडशे किमी सरळ हायवेवर काढले तर टायरची मधली तीन-चार बोटं रुळली, कडा तशाच कोऱ्या. घरी गाडी स्टँडवर घ्या आणि टॉर्च आडवा धरून मागच्या टायरवर प्रकाश टाका. जिथपर्यंत टायर रस्त्याला घासलाय तिथपर्यंत तो मळकट, बिनचमक दिसेल. त्यापुढे काळी तुकतुकी आणि साच्यातून आलेले रबराचे बारीक केस उभे. ती सीमारेषा हेच तुमचं मीटर. ती दर फेरीत बोटभर कडेकडे सरकवायची: ओळखीचं वळण, कोरडा रस्ता, गेल्या वेळेपेक्षा जरासाच जास्त झुकाव. ॲक्सिलरेटरची मूठ सावकाश उघडा, ब्रेक वळणाआधी संपवा. कडेचा शेवटचा सेंटिमीटर कोरा राहिला तर राहू द्या, सार्वजनिक रस्त्यावर तो घासायची गरज नाही. तीस अंशांच्या झुकावाला टायरकडून साधारण गाडीच्या वजनाच्या सहा दशांश इतकी आडवी पकड लागते, आणि चांगला टायर कोरड्या, गरम रस्त्यावर त्याहून बरंच जास्त देतो. म्हणजे रस्त्यावर तुम्ही टायरच्या मर्यादेपासून बहुधा लांबच असता. अडचण येते ती थंड टायर, ओला रस्ता, खडी आणि रंग इथे.

म्हणून पांढऱ्या पट्ट्यावर सरकण्याला टायरची परीक्षा समजू नका. रंगाच्या थराला खरखर नसते, आणि त्यावर पाणी किंवा दव असलं की जगातला कुठलाही टायर सरकतो. त्यात तुमचा टायर १२० किमीचा. तो प्रसंग बाजूला ठेवा. तेच कोरड्या डांबरावर, गरम टायरने, हवा बरोबर असताना घडलं असतं तर मात्र मी थांबायला सांगितलं नसतं.

कुणी सँडपेपर मारायला सांगेल, कुणी पेट्रोलने पुसायला. दोन्ही नको, पेट्रोल रबराला वाईट, आणि कागदाने घासून टायर रुळत नाही. टायर काळा दिसावा म्हणून लावतात ते पॉलिश मोटरसायकलच्या टायरवर कधीच नको, नवा असो की जुना. आणि गाडी नागमोडी चालवून टायर तापत नाहीत. टायर तापतो तो आत वाकून, म्हणजे सरळ रेषेत वेग घेताना आणि ब्रेक मारताना.

टायरवर संशय घेण्याआधी बसवण्याचं काम एकदा तपासून घ्या, दहा मिनिटं लागतील. बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना? रिमला लागून टायरवर एक बारीक रेघ सगळीकडे फिरलेली असते; ती रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर हवी. एका जागी ती आत बुडालेली दिसली तर बीड नीट बसलेली नाही, आणि चाक दर फेऱ्याला किंचित उडेल. रंगाचा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग दाखवतो, तो व्हॉल्व्हच्या शेजारी यायला हवा. बॅलन्सिंगची वजनं जागेवर आहेत का बघा. बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मागच्या टायरवर ७३डब्ल्यू, पुढच्यावर ५८डब्ल्यू असं काही असेल. ५८ म्हणजे टायर जास्तीत जास्त २३६ किलो भार पेलतो, ७३ म्हणजे ३६५ किलो, आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमीपर्यंत. पुस्तिकेत दिलंय त्यापेक्षा कमी चालणार नाही.

मी आणखी एक करतो. टायरवर आणि रिमवर सलग एक खडूची रेघ मारतो. टायर चढवताना साबणपाणी लावतात, ते पूर्ण वाळेपर्यंत जोरात ब्रेक मारला किंवा मूठ पिळली तर टायर रिमवर फिरू शकतो. दुसऱ्या दिवशी रेघ तुटलेली दिसली तर ते घडलं आणि बॅलन्स गेला. आणि चाक कुणीही काढून बसवलेलं असो, निघण्याआधी पुढचा ब्रेक दाबून बघायचा. कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग, काढताना त्यातले पिस्टन आत ढकलले जातात, पहिल्या एक-दोन दाबांना लिव्हर थेट मुठीला टेकतो. मी हे एकदाच विसरलो, वेग चालण्याचा होता आणि समोर भिंत होती. त्यानंतर चावी लावायच्या आधी हात ब्रेकवर जातो.

काही लक्षणं मात्र रुळण्याची नव्हेत, त्यांची वाट बघत बसू नका. ठरावीक वेगाला येणारी थरथर, गाडी एका बाजूला ओढणं, हात सैल सोडल्यावर हँडल डोलणं, दोन दिवसांत हवा उतरणं. अशा वेळी गाडी परत घेऊन जा.

आता टायर खरोखर कसा पारखायचा. हवा पुस्तिकेप्रमाणे करा आणि तीनशेएक किमी तशीच ठेवा. बाकी काहीच बदलू नका, सस्पेन्शनलाही हात नको. मग एक ओळखीचा रस्ता निवडा, वीसेक किमीचा, ज्यात दोन-चार वेगळी वळणं आणि थोडा खराब भाग असेल. तोच रस्ता, शक्यतो तीच वेळ. एक फेरी या हवेवर. दुसऱ्या दिवशी पुढची दोन पीएसआयने कमी करून फेरी. तिसऱ्या दिवशी पुढची परत मूळ आकड्यावर आणि मागची दोनने कमी. पुस्तिकेच्या आकड्यापासून यापेक्षा लांब जाऊ नका, आणि मागे माणूस किंवा सामान असेल तेव्हा हा प्रयोग करूच नका. वहीत दोन ओळी लिहा, कारण आठवडाभराने काहीही आठवत नाही. हवा जास्त असली की गाडी हलकी, टणक आणि जराशी उडती वाटते. कमी असली की हँडल जड होतं, वळणात आतून काहीतरी लिबलिबतंय असं वाटतं. मधे कुठेतरी तुमचा आकडा असतो. फेरी संपल्या संपल्या गरम टायरची हवाही मोजा: थंड ३६ चे चाळीसच्या आसपास झाले तर ठीक. त्याच्या बरीच वर गेली तर टायर जास्त वाकतोय आणि जास्त तापतोय, म्हणजे त्या वजनाला मुळात हवा कमी पडतेय.

पाऊस मिळाला तर तो दवडू नका, फक्त पहिल्या सरीत जाऊ नका. तेव्हा रस्त्यावरची धूळ आणि तेल वर आलेलं असतं. तास-दीड तास चांगला पडून गेल्यावर, रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना चाळीसच्या वेगाने ब्रेक हळूहळू दाबत न्या. एबीएस असेल तर ते कधी जागं होतं ते बघा. स्पोर्ट टूरिंग टायरला मी जास्तीचे पैसे मोजायला तयार होतो ते यासाठी. रबरात काळ्या कार्बनसोबत सिलिका बरीच घातलेली असते, त्यामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावर रबर लवकर पकड धरतं. मागच्या टायरमध्ये मधे टिकाऊ आणि कडेला मऊ अशी दोन प्रकारची रबरं असणं आता नेहमीचं झालंय. मिशेलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेत्झेलर रोडटेक ०१, ब्रिजस्टोन टी३२, डनलॉप रोडस्मार्ट ४, कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४, हे सगळे याच वर्गातले आणि सगळे चांगले. यांच्यात ‘कुठला भारी’ या वादात मी पडत नाही. गंमत म्हणजे पिरेली विरुद्ध मेत्झेलर असं भांडणारे भेटतात, आणि मेत्झेलर १९८६ पासून पिरेलीच्याच मालकीची आहे.

एवढं सांगूनही बरंच तुमच्यावर अवलंबून आहे. तुमचं वजन, मागे कुणी बसतं का, सामान किती, स्प्रिंग तुमच्या वजनाला लावलेली आहे का, यावर तोच टायर दोघांना दोन प्रकारचा वाटतो. तुम्ही कायम पेट्या भरून दोघं जात असाल तर या वर्गातल्या बऱ्याच टायरांची जड गाड्यांसाठी अधिक कडक बांधणीची आवृत्ती मिळते, तिचा विचार करा. उलट हलक्या गाडीवर चुकून तीच आवृत्ती बसली असेल तर खड्डे हाताला लागणारच. टायरच्या बाजूवर नावापुढे ‘जीटी’ किंवा एखादं जादा अक्षर आहे का बघा, म्हणजे हवा बरोबर असूनही टणक का वाटतंय याचं उत्तर तिथेच मिळेल. काही कंपन्यांच्या टायरच्या नावातच जीटी असतं, त्यामुळे पावतीवरचं पूर्ण नाव ताडून बघा.

आणि हजार किमीनंतर, हवा जुळवून, ओलं-कोरडं दोन्ही बघूनही पुढचं चाक तुम्हाला फार चटकन वळतंय असं वाटत असेल, तर तो टायर तुमचा नाही, बस. त्यात टायर वाईट असं काही नाही. पुढच्या वेळी जास्त गोल आकाराचा घ्या. मधल्या काळात फक्त पुढचा बदलून मागे हाच ठेवायचा मोह होईल. ते मी टाळेन. दोन्ही टायर एकमेकांच्या जोडीने जुळवलेले असतात, आणि जोडी मोडली की कुठला त्रास कशामुळे हे शोधणं कठीण होतं.

उद्या सकाळी गाडी हलवण्याआधी पुढची-मागची हवा मोजा आणि दोन्ही आकडे कळवा. सोबत टायरचं बाजूवरचं पूर्ण नाव, आणि टॉर्चच्या उजेडात ती चमक कडेपासून किती बोटं आत सुरू होते तेही लिहा.